पाठमोरी डेझी

"देवाला वाहतो हो मी. घरी नेऊन भाजी करतो की काय?"

हे विश्वासराव. पहाटेचं फिरणं, डोक्याला कानटोपी, एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्यात तारेचा आकडा लावलेली काठी. जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीत त्या काठीला ओळखत नाही असं झाड नव्हतं.

"देवाला वाहा की. पण आपल्या दारातलं वाहा." हे आमच्या शेजारचे कृष्णाजीअण्णा.

"माझ्या दारात झाड असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

"मग तसं देवाला सांगा."

मी मोरीच्या खिडकीशी दात घासत होते, तेव्हा कानावर पडलेलं हे भांडण. मला हसूच आलं. देवासाठी तोडलेलं फूल चोरीचं नसतं, असं आमची सगळी गल्ली धरून चाललेली. चार जास्वंदींसाठी अण्णा एवढे का तापले, कळेना. मग अण्णांचा आवाज खाली आला.

"ती उजाडल्यावर जागी होते. तुम्ही अंधारात येऊन जाता. तिनं बघायचं काय, देठ?"

ती म्हणजे भागुबाई, अण्णांची बायको. अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू कायमची गेली, तेव्हापासून तिचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीला लावलेला. खिडकीतून दिसायचं ते एवढंच: फाटक, भिंत आणि मधली हातभर माती. तिचं सगळं बेंगळूर तेवढंच उरलं होतं.

अण्णांनी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर जन्म घालवला. निवृत्त झाले तेव्हा मी म्हटलं, आता आरामात बसाल. तर त्याच वर्षी भागुबाई पडली. तिची कूस बदलायची, अंग पुसायचं, आंबील भरवायची. रात्रपाळी त्यांची, दिवसपाळीही त्यांचीच. मुलगा पुण्याला नोकरीला. तो फोनवर सांगायचा, बाई ठेवा. बाई ठेवली होती. भागुबाईनं तिला आठवडाभरात पळवलं. जीभ जड झाली होती तिची, पण बोचायची पहिल्यासारखीच.

तर जास्वंद गेली म्हणून अण्णांनी झेंडू लावला. तो दसऱ्याला गेला. कुणी नेला म्हणायची सोय नाही, सगळ्यांनीच नेला. मग गुलाब. गुलाबाला काटे असतात, पण विश्वासरावांच्या काठीला कुठे बोटं होती?

शेवटी अण्णा लालबागेतल्या रोपवाटिकेत गेले आणि तिथल्या माळ्याला म्हणाले, "देवाला चालत नाही असं फूल दे."

माळी बघतच राहिला. "कुणाला घालायचंय?"

"कुणालाच घालायचं नाही. झाडावर ठेवायचंय."

माळ्यानं डेझीची रोपं दिली. हिला कुणी विचारत नाही म्हणाला.

पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा गोळा. लहान पोरं पाटीवर फूल काढतात ना, तसं. आमच्या घरांत आलेल्या फुलाला काहीतरी काम असतंच. देवाला तरी जातं, वेणीत तरी, नाहीतर मयतावर. हिला काहीच काम नाही. पहिल्यांदा फुलं आली तेव्हा विश्वासरावांनी एक खुडून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. वास कसला, ओल्या पायमोज्याचा.

"ही देवाला कशी घालायची हो?"

अण्णा अंधारात पायरीवरच बसले होते. "नाहीच घालायची, राव."

त्या दिवसापासून फुलं झाडावर राहायला लागली. उजाडायचं, दवात भिजलेली तशीच उभी. आपणहून दमून वाळायची. अण्णांना वाटलं, झालं एकदाचं.

दोन-चार दिवस भागुबाई नुसती बघत राहिली. मग एका सकाळी, मी तिला इडली घेऊन गेले होते तेव्हा, म्हणाली, "अहो, ही फुलं माझ्याशी भांडलीत का?"

"का गं?" स्वयंपाकघरातून अण्णा.

"सगळ्यांनी पाठ केलीय."

अण्णा आले, वाकले, तिच्या उशीवर डोकं टेकून त्यांनी तिच्या डोळ्यांच्या रेषेत बघितलं. खरंच होतं ते. घर पूर्वेला तोंड केलेलं, ऊन फाटकाकडून यायचं, मागून घराची सावली. फुलं आपली उन्हाकडे वळलेली. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला हसरं तोंड, आणि जिच्यासाठी लावली तिला हिरवी मान.

"रोपं लावताना तुम्ही कुठं उभे होता?" भागुबाईनं विचारलं.

"फाटकाशी."

"तेच. तिथनं सगळं छानच दिसतं."

अण्णांनी सगळी रोपं उपटून तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि डबे खिडकीखाली दगडांवर मांडले. रोज सकाळी दूध आणलं की एकेक डबा फिरवायचा, फुलांची तोंडं खिडकीकडे. दुसऱ्या सकाळपर्यंत फुलं हळूहळू पुन्हा फाटकाकडे. पुन्हा फिरवायचे. ओल्या मातीचा डबा हलका नसतो, आणि अण्णांचे गुडघे तर लेथपाशीच संपलेले.

मी म्हटलं, "कारखान्यात एवढी वर्षं काढलीत अण्णा, खाली चाकं तरी लावा."

"लावली होती अक्का. पाणी घातलं की डबा चालत गटारात जातो."

एकदा विश्वासराव फाटकाशी थबकले. पिशवी रिकामी होती. "देवाला नाही तर नाही, पण बघायला स्वल्प बरी दिसतात हो."

"रस्त्यावरून नका बघू आता," अण्णा म्हणाले. "आत येऊन बघा. खरी बाजू आतून आहे."

विश्वासराव बिचकतच आत गेले. भागुबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बसा. काठी बाहेर ठेवा."

तेव्हापासून ते अधूनमधून येऊन बसायचे. काठी फाटकाला टांगलेली असायची.

अशी चार वर्षं गेली. मग गेल्या माघात, एका दुपारी अण्णा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. मी तर म्हणते, दमले होते. पण मला सांगायचीय ती त्या दिवसाची सकाळ.

रोजच्यासारखे दूध घेऊन आले. माझी पिशवी भिंतीवरून मला दिली. आणि भिंतीला टेकूनच उभे राहिले.

"बरं नाही का अण्णा?"

"दमलोय अक्का. रात्री तिला खोकला होता."

"मग डबे राहू द्या आज. एक दिवस पाठ बघितली तर काही बिघडत नाही."

"सरी, राहू देतो," म्हणाले आणि पायरीवर बसले. दुधाची पिशवी मांडीवर तशीच.

आतून आवाज आला. "अहो, झालं का?"

"होतंय."

पिशवी बाजूला ठेवून उठले. एक डबा फिरवला, थांबले. दुसरा फिरवला. मी भिंतीशी उभीच होते, पण मी हात लावलेला त्यांना चालायचा नाही, मी उलटं फिरवते म्हणायचे.

"तो कोपऱ्यातला राहिला," आतून.

"दिसतोय मला."

"मला नाही दिसत. म्हणून तर सांगते."

अण्णांनी गुडघ्यावर हात दाबला, वाकले, कोपऱ्यातला डबा अर्धा वळवला. एक वाळकं फूल खुडून गटारात टाकलं.

"आता?"



"हां. आता बघतंय माझ्याकडे."

अण्णांनी लुंगीला हात पुसले, पायरीवरची दुधाची पिशवी उचलली आणि चहा ठेवायला आत गेले.