काळे कोपरे

आमचे अण्णा कचेरीत कारकून, पण जीव सगळा कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्समध्ये. कोल्हापूर सिनेमाचं गाव, त्यामुळे बंद पडलेल्या स्टुडिओतलं सामान रविवारच्या जुन्या बाजारात यायचं. तिथून ते हातानं फिरवायच्या लेन्स आणायचे आणि बुरशी धरू नये म्हणून आईच्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. आईची बोलणी निमूट खायचे.

ऐंशी सालाच्या आसपास नवीनच खूळ सुरू झालं. कॅमेऱ्याला डोळा लावला की म्हणायचे, "हिचं कोपरं काळं येत्यात." जुन्या लेन्समध्ये हा दोष असतोच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्यांनी लेन्स बदलली. तिचेही कोपरे काळे. मग भर बाजारात भंगारवाल्याशी भांडले, "फशिवतोस व्हय मला?"

गडहिंग्लजला चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी सगळ्या गोतावळ्याचा फोटो काढला. छापून आल्यावर चिडले, "बघा, आक्काला कोपऱ्यानं खाल्लं!" आक्का म्हणजे माझी आत्या, शेजारीच बसली होती. तिनं फोटोच्या कडेला बोट टेकवलं. "मी हाय की रं हितं. नथीसकट हाय."

आत्या खरंच तिथं होती, अगदी लख्ख. अण्णांनी मान वळवून वळवून तिला फोटोत शोधलं. मग तांदळातून एकेक लेन्स काढून, कॅमेऱ्याला लावून माझ्या हातात देऊ लागले. "कोपरं दिसत्यात?" दर वेळी मी "दिसतात" म्हणाले. एखादी तरी खराब निघू दे, असं मी देवाला विनवत होते. एकही निघाली नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. यात नजर कडेकडून जात राहते आणि गेलेली परत येत नाही. पहिला कोपरा काळा दिसला तेव्हाच यायला हवं होतं, म्हणाले. मला डॉक्टरांचाच संताप आला.

पुढच्या रविवारी अण्णा मला घेऊन बाजारात गेले. भंगारवाल्याला म्हणाले, "तुझी लेन्स चांगली हुती गड्या." त्याला वाटलं, गिऱ्हाईक परत आलं. "मग ही बघा की सायेब. जर्मन हाय."

अण्णांनी ती कॅमेऱ्यावर चढवली, डोळा लावला आणि मला शोधत राहिले. मी त्यांच्या डाव्या हातालाच उभी होते.

"पोरी, जरा मधी ये की. दिसंना झालीस."

मी मधे सरकले. तो फोटो माझ्याकडे आहे. माझ्याभोवती सगळा बाजार त्यात दिसतो. अण्णांना तेव्हा फक्त मी दिसत होते.