जगबुडीच्या पिक्चरमधला मुडदा

कोराडीच्या रस्त्याला वीजकेंद्राच्या राखेपासून विटा करणारे कारखाने आहेत. त्यातल्या एकात प्रेमानंद रामटेके अठ्ठावीस वर्षं राख चाळून राहिला आहे. माणूस सकाळी सावळा जातो आणि संध्याकाळी करडा होऊन येतो. सिंधूताई त्याला उंबऱ्याबाहेर उभा करते, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं झटकते, मग घरात घेते. लग्नात घेतलेला माणूस आत गेला की राखेचा पुतळा, हे तिला एवढ्या वर्षांत कधीच पक्कं कळलं नाही, असं ती म्हणते.

पण प्रेमानंद जन्माचा राखवाला नव्हे. खाप्याच्या पलीकडच्या खेड्यात वाढलेला गडी. मिसरूड फुटायच्या आधीच तो खडी गंमतीच्या पार्टीत शिरला. खडी गंमत म्हणजे ना पडदा, ना स्टेज. चौकात लोकांच्या मधोमध उभं राहायचं आणि खेळ करायचा. प्रेमानंदला गाणं येत नव्हतं. नाचायला उभा राहिला तर ढोलकीवाला तोंड फिरवायचा. त्याला एकच गोष्ट येत होती, आणि ती म्हणजे मरणं. तलवारीनं मरणं वेगळं, साप चावून मरणं वेगळं, तहानेनं मरणं त्याहून वेगळं, हे त्याच्याकडून शिकावं. विष खाऊन मरायला तो पाऊण तास घ्यायचा, आणि लोक जागचे हलायचे नाहीत. पुढं पार्टी मोडली, पोटासाठी तो कोराडीला आला, लग्न झालं. सिंधूताईनं त्याला एकदाही मरताना पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कारखान्यावर एक पोरगा स्कूटर घेऊन आला. नाव विक्की. मनीषनगरचा राहणारा, लग्नाच्या शूटिंगा करायचा. त्यांच्या चर्चच्या पोरांनी जगाच्या शेवटावर पिक्चर काढायला घेतला होता आणि त्याला चार पोती राख पाहिजे होती.

"कायले?" प्रेमानंदनं विचारलं.

"जग जळून जाते काका. मंग खाली काही तं पडलेलं दिसलं पाहिजे ना."

"अन् माणसं?"

"सगळे मरतात."

प्रेमानंदनं चाळणी खाली ठेवली. मालकाला विचारून राख तो देणार होता, पण त्याची एक अट होती. "राख नेजो. पण मले मराले ठेव."

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सिंधूताई भाकर थापून राहिली होती. ती म्हणाली, "आपण बुद्धाचे माणसं जी. त्याईच्या पिक्चरमधी तुम्ही काहून मरून राहिले?"

"मराले कोणता धर्म लागते वं?"

भाकर उलटवून ती एवढंच म्हणाली, "कपडे खराब करून येऊ नका." राख चाळणाऱ्या माणसाला हे सांगण्यात काय हशील होतं, तिलाच ठाऊक.

शूटिंग एका रविवारी कारखान्यामागच्या पडीक रानात झालं. बावीस मुडदे होते. काही चर्चचे, काही कारखान्यातले, त्यात प्रेमानंदचा जोडीदार गोविंदाही होता. प्रेमानंदचा चेहरा जवळून घेतला, मग विक्कीनं लग्नातला ड्रोन वर उडवला आणि सगळ्यांचं मरण आभाळातून काढलं. त्या दिवसापासून प्रेमानंदची मान जरा वेगळीच राहायला लागली. चहाच्या टपरीवर कोणी ओळखीचा भेटला की तो म्हणायचा, "पिक्चर येऊन राहिला आपला." कोणता, कोणाचा, हे समोरच्यानं विचारावं म्हणून थांबायचा.

सहा महिन्यांनी विक्कीचा फोन आला. रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये पहिला खेळ. पण त्यानं एक गोष्ट सांगितली आणि प्रेमानंदची भूक गेली. पुढच्या महिन्यापासून पिक्चर गावोगावच्या चर्चांत फिरणार होता. त्याआधी विक्कीला पाहायचं होतं की लोक कुठं हसतात. "जगाचा अंत आहे काका, कॉमेडी नाही. जिथी हसू आलं, तिथी कापतो."

प्रेमानंदचं काम दोनच ठिकाणी होतं. तेवढ्यावर लोक हसले तर त्याचा सगळा पिक्चर गेला. तो म्हातारपणाकडं झुकलेला माणूस, दुसरी पार्टी त्याला कुठून भेटणार? आणि इकडं त्यानं अर्ध्या वस्तीला आवतण देऊन ठेवलं होतं.

मिनीबसमध्ये बसतानाच त्यानं सगळ्यांना दम भरला. "कोणी दात काढाचे नाही. सांगून ठेवतो."

"मयतीले चाललो का आपण?" गोविंदा म्हणाला.

"मयतच समज. माहीच आहे."

"मंग रडाचं का?"

"रडलं तं चालते. हासाचं नाही."

कोराडीहून मनीषनगर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. सिंधूताई ठेवणीतली निळी साडी नेसून खिडकीशी बसली होती. नवऱ्याला मरताना ती आज पहिल्यांदाच पाहणार होती. प्रेमानंदला तिचीच जास्त धास्ती होती.

हॉलच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक ठोकलं होतं. समोर दोन पांढऱ्या चादरी जोडून शिवलेला पडदा. पुढं सतरंजीवर संडे स्कूलची लेकरं, त्यांच्याजवळ खुर्चीत रीना मॅडम. या मॅडम मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. आता लेकरांना बायबलच्या गोष्टी सांगतात आणि चर्चमध्ये त्यांच्या समोर पास्टरसुद्धा चप्पल न वाजवता चालतो. विक्की एका कोपऱ्यात वही, पेन आणि टॉर्च घेऊन बसला. हसू आलं की वेळ टिपायची. प्रेमानंद मुद्दाम पडद्याकडं पाठ करून भिंतीशी उभा राहिला. त्याला पिक्चर पाहायचा नव्हता, लोकांची तोंडं पाहायची होती.

पिक्चर सुरू झाला. आभाळ लाल झालं. पतंगाचा लाल कागद लेन्सवर लावला होता, त्याची घडीही दिसून राहिली होती, पण कोणी हसलं नाही. प्रेमानंदनं श्वास सोडला.

मग चार घोडेस्वार आले. जगाच्या शेवटी येतात म्हणून बायबलच्या पुस्तकात लिहिलं आहे तसे, पांढरा घोडा, लाल घोडा, काळा आणि फिका. विक्कीला भेटली एकच घोडी, लग्नाच्या वरातीतली. तिच्यावर चार वेळा चार रंगांच्या झुली टाकल्या होत्या.

"अवं, ही तं आपल्या सौरवच्या वरातीतली घोडी," मागून बाईचा आवाज आला.

"काहीही सांगते."

"कान पाय ना तिचा. तुटका आहे. माह्या भावाले हिनंच पाडलं होतं."

तेवढ्यात स्वर्गातून तुताऱ्या वाजल्या. तुताऱ्या म्हणजे बँडपार्टीचीच पितळी वाजंत्री. बँड ऐकताच घोडीला वाटलं वरात निघाली. दुष्काळाचा काळा स्वार पाठीवर घेऊन ती पुढचे दोन पाय उचलून नाचायला लागली. स्वार बिचारा लगाम ओढून राहिला, तोंड क्रूर ठेवून राहिला, आणि घोडी ठेक्यात.

हॉल फुटला. कोराडीवाले हसले, मनीषनगरवालेही हसले. कोपऱ्यात टॉर्च पेटली. विक्कीनं लिहिलं.

त्यानंतर टॉर्च विझायला सवडच मिळाली नाही. आभाळातून पडणारे तारे दिवाळीच्या भुईचक्राचे निघाले. सैतानाचा दूत चष्मा काढायला विसरला होता. शहर उद्ध्वस्त होतं त्या सीनमध्ये मागं शांतपणे कोराडीची बस येऊन थांबली, दोन बाया उतरल्या आणि पिशव्या सांभाळत निघून गेल्या. "जगबुडीतही बस टाइमावर आहे बावा," गोविंदा म्हणाला, आणि मागच्या दोन रांगा एकमेकांवर पडल्या. प्रेमानंद खुर्च्यांमधून वाकून फिरत होता. कोणाच्या खांद्यावर हात ठेव, कोणावर डोळे वटार. "तुमाले हात जोडतो गा. थोडकं दम धरा. माहं येऊनच राहिलं."

"असंच चाललं तं त्याच्या पिक्चरमधी नुसत्या नावाच्या पाट्याच राहतीन," कोणीतरी कुजबुजलं.

मग ते आलं. जळालेलं रान, राखेत पालथी माणसं, आणि चादरीभर प्रेमानंदचं तोंड. आता मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं वळून पाहिलं. ओठ राखेनं चिकटलेले. डोळ्यांत आधी तहान, मग कोणाची तरी आठवण, मग नुसती काच. बोटं राखेत रुतली, एकदा उघडली आणि उघडीच राहिली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. सतरंजीवरची एक लहानगी रीना मॅडमच्या पदरात शिरली. प्रेमानंदनं सिंधूताईकडं पाहिलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता.

जमलं. चार पोती राखेचं चीज झालं.

पडद्यावरचं चित्र वर वर गेलं. ड्रोनमधून दिसणारं करडं रान, बावीस मुडदे तांदळाएवढे. मागून भारदस्त आवाज आला, "आणि पृथ्वीच्या पाठीवर एकही जिवंत जीव उरला नाही."

त्यातला एक तांदूळ उठला.

उठला, कुल्ले झटकले, चारी दिशांना वळून वाकून हात जोडले आणि सावकाश चालत पडद्याच्या बाहेर निघून गेला.

इथं खडी गंमतीची एक रीत सांगावी लागते. प्रेमानंद पोरसवदा असताना एका खेळात तो इतका चांगला मेला की त्याची मायच लोकांतून उठली आणि छाती पिटत त्याच्यावर येऊन पडली. खेळ तिथंच संपला. तेव्हापासून त्याच्या उस्तादानं कायदा घातला : मेल्यावर लोकांनी टाळी दिली की मुडद्यानं उठायचं, चहूकडं हात जोडायचे आणि आपल्या पायानं बाहेर जायचं, म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर राहत नाही. शूटिंगच्या दिवशी कारखान्याची माणसं बांधावर उभी राहून पाहत होती. मरण पाहून त्यांनी टाळ्या दिल्या. प्रेमानंदच्या हाडात ही रीत मुरलेली होती. तो उठला आणि आपलं कर्तव्य करून गेला. ड्रोन चालू आहे हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. विक्कीनं सगळं जुन्या लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर जोडलं, तिथं तो ठिपका कोणाला दिसणार? चादरीवर दिसला.

एक क्षण कोणालाच समजलं नाही. मग सतरंजीवरून त्याच लहानगीचा आवाज आला, "तो आजोबा मेला नव्हता."

पुढं जे झालं त्याला हसणं म्हणणं कमी पडतं. माणसं खुर्च्यांवरून घसरली. पास्टरनं भिंतीला टेका घेतला. गोविंदा ओरडला, "अबे प्रेमानंद, देवाले तं विचाराचं होतं." आणि सिंधूताई, जिला वस्तीनं कधी मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं, ती निळ्या पदराचा बोळा तोंडात कोंबून हलत होती, डोळ्यांतून पाणी.

दिवे लागले. विक्कीनं वही मिटली. प्रेमानंद त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला, हातांना राख नसतानाही ते पँटीला पुसत. "काप पोट्ट्या," तो म्हणाला. "माह्यामुळं तुहा पिक्चर बुडाला. दोन्ही जागी काप. जवळूनचंही नको ठेवू, मंग लोक त्या तोंडालेच हासतीन."

विक्की टॉर्च खिशात कोंबायला लागला. सहा-आठ महिन्यांची मेहनत पोराची. त्याचे ओठ आवळलेले.

"कापाचं नाही," रीना मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या.

"मॅडम, आपण तं म्हणून राहिलो का सगळे मेले. अन् हे उठून नमस्कार करून राहिले."

"मंग? पुस्तकात काय लिहून आहे? मेलेले मेलेच राहतात?"

विक्की वहीचा कोपरा दुमडायला लागला.

"उठतात ना बेटा? तू मारून मोकळा झाला. उठवाचं विसरला. बावीस मुडद्यांत एकालेच शेवटपर्यंतची गोष्ट ठाऊक होती, अन् तो आपल्या चर्चचाही नाही." मॅडमनी मांडीवरच्या लहानगीकडं बोट दाखवलं. "हे पोट्टी मघा थरथरून राहिली होती. तो उठला अन् हे हासली. भेव घालाले आपण पिक्चर काढला का?"

"पण हात कायले जोडले त्याईनं?"

"कबरेतून उठल्यावर तू काय करशीन? शिट्टी मारशीन?"

विक्की आधी नाकातून हसला, मग तोंडानं. त्यानं वही उघडली, शेवटची ओळ खोडली. पण पोरगा कामाचा होता; लगेच त्याला दुसरी काळजी लागली. एकटाच उठतो हे बरं दिसत नव्हतं. बाकीचे एकवीस काय झोपले?

"आमी काय पाप केलं?" गोविंदा मागून म्हणाला. "हा उठला अन् आमी तसेच पडून. माहे घरचे विचारून राहिले, तुमाले काहून नाही उठवलं."

ठरलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच रान, पुन्हा चार पोती राख. मुडदे बावीसचे एकतीस झाले, कारण ज्यांनी खेळ पाहिला त्यांनाही उठायचं होतं. सिंधूताई सकाळी म्हणाली, ती नुसती पाहायला येते. रानात पोहोचल्यावर म्हणाली, पाहून पाहून उन्हात किती उभं राहायचं. मग तिनं जुन्या लुगड्याचा पदर खोचला आणि प्रेमानंदच्या बाजूला राखेत आडवी झाली.

"असे पाय नको करू," प्रेमानंदनं डोळे मिटूनच शिकवलं. "मेल्यावर अंगठे बाहेर पडतात."

"तुम्ही चूप मरा जी."

ड्रोन वर गेला. विक्कीनं शिट्टी दिली. राखेतून एकेक उठायला लागला, गोविंदा, पास्टर, संडे स्कूलची लेकरं, बायाबापड्या. करड्या अंगाचे सगळे ओळखू न येणारे, कोण कोणत्या वस्तीचा तेही कळेना. सगळे हात जोडून उभे राहिले. प्रेमानंद मात्र हलला नाही. सगळ्यांचं उठून झालं की मग आपण उठायचं, सावकाश, एका कुशीवरून, असं त्यानं आठवडाभर ठरवून ठेवलं होतं.

वर ड्रोन घुंघुं करत थांबला होता. तीस माणसं एकट्या त्याच्याकडं पाहत होती.

सिंधूताईनं वाकून त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"उठा आता. घरी पाणी भराचं आहे."

प्रेमानंद उठला. चिमटा पिक्चरमध्ये दिसतो, आणि गावोगावचे लोक तिथंच सगळ्यात जास्त हसतात. विक्कीनं तो कापला नाही.