पिशोर आणि तिचं छोटं सॉफ्टवेअर

पिशोरच्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक राउटरला नातेवाइकाचं नाव असायचं. क्लासमधले आम्ही बाकीचे आर-वन, आर-टू अशी कोरडी नावं देऊन मोकळे व्हायचो. तिच्या पडद्यावर मात्र थोरले चुलते, धाकटे चुलते, आत्याबाई, कन्नडची मावशी असा सगळा गोतावळा मांडलेला. दोन राउटर एकमेकांशी बोलेनासे झाले की ती मान हलवून म्हणायची, "थोरले धाकट्याला वळखंना झाले. बांधावरून लागलं असंल. आता आत्याबाईच्या हातूनच निरोप धाडावा लागतो." आणि खरोखरच मधल्या राउटरवरून वाट काढून द्यायची. निरोप पोचायचा. मी सगळ्यांबरोबर हसायची आणि आतून जळायची, कारण जे मला पुस्तकाची चार पानं दोनदा वाचून कळत नसे, ते तिला भावकीतून आधीच कळलेलं असे.

पिशोर हे कन्नड तालुक्यातलं तिचं गाव. क्लासमध्ये तिच्याच नावाच्या आणखी दोघी होत्या, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी हजेरी घेताना तिला "पिशोर" म्हटलं आणि तेच चिकटलं. मुकुंदवाडीत आमच्या घराच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. कन्नडच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी इंजिनिअर, म्हणून मला ताई म्हणायची, अहो-जाहो करायची. वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. नेटवर्किंगची सर्टिफिकेटची परीक्षा तेवढ्यात झाली तर नोकरी, नाहीतर खोली सोडून गावी परत आणि स्थळं बघायची. हे तिनं मला जिन्यात बसून सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ही परीक्षा द्यायची तर राउटर-स्विचची हाताला सवय असावी लागते. खरी यंत्रं कोण घरी आणणार, म्हणून कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं नेटवर्क मांडता येईल असं सॉफ्टवेअर घ्यायचं. त्यातलं छोटं फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, पण त्यातला राउटर नुसतं सोंग घेतो, शिकवलं तेवढंच बोलतो. मोठ्यात खऱ्या राउटरचीच प्रणाली चालते. त्याला तगडा लॅपटॉप लागतो आणि ते बसवताना घाम फुटतो. सरांनी एका सोमवारी स्पष्ट सांगितलं, "सुरुवात छोट्यावर करा, पण महिन्याभरात मोठ्यावर या. घरी चालत नसेल तर संध्याकाळी इथल्या कॉम्प्युटरवर बसा." त्या सोमवारी पिशोर मक्याच्या सोंगणीला गावी गेली होती.

मंगळवारी ती पिशवीभर कणसं घेऊन आली. आई ती भाजायला बसली आणि पिशोरनं मला विचारलं, "ताई, सर काय म्हणले? कोणतं घ्यायचं?" मी नव्या लॅपटॉपवर मोठं उतरवून घेत होते. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "छोटंच घे. मोठ्यात नुसता वेळ जातो. तुला छोटं पुरेल." क्लासच्या कॉम्प्युटरबद्दल तर बोललेच नाही. ती म्हणाली, "तुमी म्हणता ना, मंग झालं." आणि मला कणीस सोलून दिलं. ते मी खाल्लं.

असं का केलं, याचं उत्तर सोपं आहे. ती यायच्या आधी क्लासमध्ये मी पहिली होते आणि घरात एकुलती. ती आल्यावर दोन्ही गेलं. क्लासमधल्या कुणीतरी तिला मोठ्याबद्दल सांगितलं, तेव्हाही ती माझ्याकडेच विचारायला आली. "ते मिरवायला असतं गं," मी म्हटलं. ती खाली मान घालून वर गेली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मोडणं हा तिचा अभ्यास होता. "मोडल्याबिगर समजत नाय ताई, उभं ऱ्हायलेलं समदंच शहाणं दिसतं," असं म्हणायची. नेटवर्क मांडून सुरळीत चाललं की दुसरा कुणी हुश्श करेल, हिचं खरं काम तिथून पुढे. आई वाळवणाच्या निमित्तानं गच्चीवर गेली की ही तिला खोलीत बोलवायची. "काकू, मी भिंतीकडं तोंड करते. ह्यातलं काय बी एक बिघडवा." आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण पिशोरनं तिला कुठं दाबायचं ते दाखवून ठेवलं होतं, आणि आई मोठ्या मजेनं कुणाची तरी तार तोडून यायची. जेवताना बाबांना सांगायची, "आज मी थोरल्या चुलत्यांचं दारच बंद करून टाकलं. पोरीनं भाकरी भाजून होईपर्यंत पकडलं." माझ्या लॅपटॉपसमोर आई एकदाही बसली नव्हती. मी तिला बसवलंही नव्हतं म्हणा, पण राग आला तो पिशोरचा.

इकडे माझं मोठं सॉफ्टवेअर चालू व्हायलाच तीन आठवडे गेले. चालू झालं तर लॅपटॉप तापायचा. मग मी आणखी एक तसलंच घेतलं, मग तिसरं. कोणतं चांगलं यावरचे व्हिडिओ बघत दिवस घालवले. नाचता येईना म्हणून मी तीनदा अंगण बदललं. पिशोर वर तिच्या घरघरणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर एकच अंगण झाडत बसली होती.

आम्ही एकाच आठवड्यात परीक्षा दिली. ती पास झाली, मी नापास. परीक्षेला लागतं तेवढं सगळं त्या छोट्यात होतं, हे मला तेव्हा कळलं. आईनं तिच्यासाठी पेढे आणले आणि मला आवडतात म्हणून त्यातलेच दोन माझ्या ताटलीत ठेवले. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पण खरी शिक्षा पुढंच होती. ती दिसेल त्याला सांगत सुटली. सरांना, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या चाचांना, पिशोरहून पेढा खायला आलेल्या वडिलांना. "ताईनं सांगितलं व्हतं, छोटंच घे म्हून. नायतर माझा लॅपटॉप मेला असता आन् मी बी." तिचे वडील मला हात जोडून म्हणाले, "लई उपकार झाले, मावली." सरांनी मात्र माझ्याकडे जरा बघितलं. त्यांना सोमवार आठवला असावा. चाचा म्हणाले, "बेटा, ऐसी सहेली किस्मत से मिलती." मी सगळ्यांसमोर मान डोलावत राहिले.

तिला हैदराबादला नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःची सगळी मांडणी माझ्या लॅपटॉपवर उतरवून दिली. "आता तुमचा नंबर, ताई. ह्यातलं रोज एक मोडा." मी फाइल उघडली. चुलते, आत्याबाई, मावशी सगळे जागच्या जागी होते. आणि ज्या राउटरवरून सगळ्या गोतावळ्याचा निरोप बाहेरच्या जगात जात होता, त्याचं नाव होतं "ताई". मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदवाडी स्टेशनवर तिला सोडायला मी एकटीच गेले. तिथं गाडी जेमतेम थांबते. गाडीची घोषणा झाली आणि मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. सोमवार, सर काय म्हणाले ते, क्लासचे कॉम्प्युटर, आणि मी मुद्दाम खोटं बोलले ते. मनात कुठंतरी वाटत होतं की ती हसेल, म्हणेल, जाऊ द्या ताई, चांगलंच झालं ना शेवटी.

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी नापास झाले असते आन् बापानं घरी नेलं असतं, तवा सांगितलं असतं का तुमी?"

गाडी आली. तिनं आपलं सामान आपणच चढवलं. दारातून म्हणाली, "काकूला सांगा, पोचल्यावर फोन करते."

फोन आईलाच आला, अजूनही आईलाच येतो. पुढच्या खेपेला मी पास झाले, तिच्याच फाइलीवर, रोज एक मोडून. चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात मला कामही मिळालं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. नसतं सांगितलं.

आता ती रविवारी तालुक्यातल्या मुलींना मोबाइलवरून फुकट शिकवते. परवा आई ते बघत होती, मी मागं जाऊन उभी राहिले. एका मुलीनं विचारलं, "दीदी, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" पिशोर म्हणाली, "आधी छोटं घे. पर मोठं बी हाय, ते बी तुला सांगून ठेवते. नंतर तुझं तू ठरव." मुलगी म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" "व्हतं कुणीतरी," पिशोर म्हणाली, आणि पुढं शिकवायला लागली.

आई वळून म्हणाली, "तुझं नाव का नाही घेतलं गं हिनं?" मी म्हटलं, विसरली असेल.

मला तिच्या हुशारीचा हेवा वाटला, नोकरीचा वाटला, माझ्याच आईच्या मायेचाही वाटला. पण किराणा दुकानात, क्लासमध्ये, वडिलांसमोर ती ज्या ताईचं नाव घेत हिंडायची, त्या ताईचा आज जितका हेवा वाटतो, तितका कुणाचाच कधी वाटला नाही.