एकोणीस फळ्या

माझी आत्या उभे पियानो बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं होती. त्यातली पहिली सोळा सरसाच्या खोलीत गेली. कारखान्यात लहान-थोर सगळे तिला अक्का म्हणत. ठेंगणा बांधा, सरसाने कायम खरखरीत झालेली बोटं आणि तोंडाने फटकळ. काय काम करता असं कोणी विचारलं तर ती सांगायची, "फळी चिकटवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, ह्यात काय एवढं.

पियानोत सव्वादोनशेहून जास्त तारा असतात आणि सगळ्या मिळून अठरा-वीस टनांनी ओढत असतात. त्या ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या खुंट्या एका जाड फळीत ठोकलेल्या असतात. ती फळी मागच्या लाकडी सांगाड्याला चिकटवायची, हे आत्याचं काम. हा सांधा उकलला की आधी सूर टिकेनासे होतात. मग सगळा भार पुढच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, चौकटीवर जातो, आणि बीड वाकत नाही, एकदम तडकतं. चाचणीच्या खोलीत एकदा तसं झालं होतं. दोन भिंतींपलीकडे बसलेल्या बायकांच्या हातातली कामं गळून पडली, आणि सुटलेल्या तारेने एका कामगाराची भुवई फाडली. रक्त पुसायला आत्याच धावली होती.

नोकरीच्या तेराव्या वर्षी ऐन थंडीत कारखान्याचा बॉयलर तीन दिवस बंद पडला. नियम असा होता की खोलीत अठरा डिग्री ऊब असल्याशिवाय सरसाला हात लावायचा नाही. थर्मामीटर अकरावर होता. आत्या कोट घालून नुसती बसून राहिली. दुपारी मुकादम आला.

"अक्का, हात बांधून काय बसलात?"

"सरस धरणार नाही."

"माल सोमवारी जायचाय. बायको बाळंत होताना दाई थर्मामीटर बघते का? चिकटवा."

आत्याने चिकटवल्या. तीन दिवसांत एकोणीस फळ्या. वहीत तापमानाच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने एकोणीस वेळा 'अठरा' लिहिलं. मुकादमाने सांगितलं म्हणून चिकटवलं, हे खरं होतं. पण अठरा लिही असं त्याने सांगितलं नव्हतं. ते तिचं तिने लिहिलं, कारण अकरा लिहिलं असतं तर सही करणारा तपासनीस तिलाच विचारत बसला असता.

पियानोला दहा वर्षांची हमी होती. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्याही नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कारखान्याच्या दारात परत आलेला पियानो दिसला की तिच्या हातातलं काम थांबायचं. ती काहीतरी निमित्त काढून मागे जायची आणि नंबर वाचायची. एकोणीसच्या एकोणीस नंबर तिला तोंडपाठ होते. घरी भाजी चिरताना ती पुटपुटायची आणि आम्हाला वाटायचं, आत्या जप करते.

तीन वर्षांनी तिने स्वतःहून हमीच्या खात्यात बदली मागून घेतली. पाठ दुखते, बैठं काम द्या, असं सांगितलं. खरं कारण एवढंच, की तक्रारीचं पत्र आलं तर ते आधी आपल्या हाती पडावं. रोज सकाळी टपालाचा गठ्ठा आला की तो आधी ती स्वतःपुढे ओढायची. पाकिटं फोडायची, नंबर बघायचे, श्वास सोडायचा. असं चार वर्षं चाललं. दोनदा ती राजीनामा लिहायला बसली. पण आपण गेलो तर पत्र दुसऱ्याच्या हाती पडेल, या धास्तीने दोन्ही वेळा कागद फाडला.

सातव्या वर्षी पत्र आलं. एका संगीत शिक्षिकेचं होतं. पियानो आठवडाभरही सुरात राहत नाही, आणि कोणी वाजवत नसताना आतून मधूनच टक् असा आवाज येतो. नंबर एकोणिसातला होता.

खात्याच्या साहेबांनी पत्र चाळलं आणि परत दिलं. "नेहमीचं उत्तर पाठवा, अक्का. घरात दमट हवा, हमी लागू नाही."

तिने ते उत्तर टाइप केलं. पाकिटात घातलं. दोन दिवस ते पाकीट तिच्या टेबलावर पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी ते खणात टाकून ती दुरुस्तीच्या मिस्त्रींकडे गेली. "उद्या एका घरी जायचंय. मीही येते."

मिस्त्री म्हणजे बारीक, हसतमुख माणूस. पियानो आणि सासू भिंतीला चिकटवून ठेवू नये, दोघांना हवा लागते, हा विनोद ते प्रत्येक घरी करायचे. त्या घरात मात्र त्यांनी तो केला नाही. खोली एवढीशी होती. पियानो मधोमध आडवा लावून शिक्षिकेने एका खोलीच्या दोन केल्या होत्या. पुढे शिकवणी, मागे घर. आणि पियानोच्या पाठीला टेकून पाळणा. पाळण्यात पाच महिन्यांची मुलगी झोपली होती.

आत्याने पिशवी खाली ठेवली. "पाळणा आधी हलवा," ती म्हणाली.

"आत्ताच झोपलीय हो ती."

"हलवा. दुसऱ्या खोलीत न्या."

"दुसरी खोली नाही आमच्याकडे."

"मग शेजारी न्या. पण आत्ता न्या."

शिक्षिकेने बाळ उचललं आणि जिन्यापलीकडच्या घरी ठेवून आली. मिस्त्रींनी वरचं झाकण उघडलं. फळी आणि सांगाड्याच्या मध्ये एक काळी रेघ होती. त्यांनी खिशातलं बसचं तिकीट काढून त्या रेघेत धरलं. ते अर्धं आत गेलं. मग दुसऱ्या टोकाला धरलं, तिथे अख्खंच गेलं.

मिस्त्री हळूच म्हणाले, "अक्का, दमट हवा लिहू का?"

आत आवाज झाला, टक्. नख मोडावं एवढाच. मिस्त्रींनी तिकीट ओढून घेतलं.

"लिहू नका," आत्या म्हणाली. "तारा सैल करा. सगळ्या."

एका बाजूच्या तारा आधी सोडल्या तर ओढा वाकडा होतो आणि बीड जायचं ते तेव्हाच जातं. म्हणून प्रत्येक खुंटी थोडीशी फिरवायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्री तोंड बाजूला वळवून, डोळे बारीक करून चावी फिरवत होते. आत्याने शिक्षिकेला दाराबाहेर उभं केलं. स्वतः मात्र ती मिस्त्रींच्या मागे उभी राहिली. "तुम्हीही बाहेर थांबा," ते दोनदा म्हणाले. ती हलली नाही. पुढे तिने मला सांगितलं, "त्या दोन तासांत मी देवाकडे काही मागितलं नाही. मागायला तोंड कुठे होतं?"

दुसऱ्या फेरीत मधल्या भागातून मोठा कडाका आला आणि मिस्त्री चावी टाकून खाली बसले. लाकूड होतं. बीड शाबूत होतं. थोड्या वेळाने ते उठले, हात पँटला पुसले आणि पुन्हा चावी घेतली. शेवटच्या तारा लोंबायला लागल्या तेव्हा दोघांचेही कपडे घामाने अंगाला चिकटले होते.

शिक्षिका आत आली. "झालं का नीट?"

"नाही. तो कारखान्यात न्यावा लागेल," आत्या म्हणाली. "तुमच्या घरातल्या हवेचा दोष नाही. फळी थंडीत चिकटवली होती, ती धरली नाही. ती मी चिकटवली होती. मला तेव्हाच माहीत होतं."

शिक्षिकेने लोंबणाऱ्या तारांकडे बघितलं. मग म्हणाली, "मग सात वर्षं काय करत होतात?"

आत्याने पियानोचं झाकण लावलं. ती पिशवी उचलून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी तिने एकोणीस नंबर कागदावर लिहून साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी आधी दार लावलं. झाकली मूठ उघडायची कशाला, दहा वर्षं भरायला तीनच उरलीत, असं त्यांनी तिला समजावून पाहिलं.

"पाळणा होता साहेब, मागे," ती म्हणाली. तेवढ्यात मिस्त्री न विचारताच आत आले. त्यांनी ते तिकीट टेबलावर ठेवलं आणि किती आत गेलं ते बोटाने दाखवलं. साहेबांनी नंबरांचा कागद फाइलला लावला.

चौकशी बसली. मुकादम तोवर वारला होता, त्यामुळे सगळं आत्याच्या माथी आलं, आणि तिनेही ते दुसऱ्यावर ढकललं नाही. तिला खात्यातून काढून पुन्हा सरसाच्या खोलीत, नवशिक्यांच्या हाताखाली घातलं. काही जणींनी तिच्याशी बोलणं सोडलं. कारखान्याच्या नावाला बट्टा लावला म्हणून नव्हे, आमचीही कामं आता उकरून काढतील म्हणून.

सापडतील ते पियानो परत आले. शिक्षिकेच्या पियानोला नवा सरस लावून आरपार बोल्ट घातले. तो परत घेताना तिने सही केली, पण आत्याकडे बघितलं नाही. बाकीच्यांपैकी सात उकलू लागले होते. दोन पियानोंचं बीड आधीच तडकलेलं निघालं. एक बंद सभागृहात पडून होता, आणि दुसरा तडकला तेव्हा घरातली माणसं बाहेर होती. कोणाला काही झालं नव्हतं, हे कळायला आत्याला वर्षभर लागलं. त्या वर्षात ती निम्मी झाली.

एक पियानो सापडला नाही. पहिल्या मालकाने विकला, दुसऱ्याने कोणाला दिला ते त्याला आठवत नव्हतं. सूर लावणाऱ्या जेवढ्या लोकांचे पत्ते मिळाले तेवढ्यांना आत्याने पत्रं लिहिली. अजूनही लिहिते. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तिने माझ्याकडून दोन पाकिटांवर पत्ते लिहून घेतले. तिचं अक्षर आता लागत नाही.

"हमी संपून किती वर्षं झाली आत्या?" मी विचारलं.

"बरीच," ती म्हणाली. "अक्षर मोठं काढ. पोस्टमनला वाचता आलं पाहिजे."