पाटी पायाशी होती

बेर्शेब्यातल्या आमच्या मराठी ज्यूंच्या प्रार्थनालयाने अलीकडे एक स्मरणपुस्तिका काढली. तिच्यात आमच्या जुन्या कामाबद्दल एक परिच्छेद आहे. परदेशांतल्या कुटुंबांना त्यांच्या वाडवडिलांच्या कबरी शोधून, छायाचित्रे काढून पाठवणारे एक मंडळ होते म्हणे. दफनभूमीच्या नोंदींत गफलत होती म्हणे, आणि ती ध्यानात येताच मंडळाने तत्परतेने दुरुस्त केली म्हणे. हा मजकूर ज्याने लिहिला तो त्या वेळी जन्मलेलाही नव्हता. त्याला ज्याने सांगितले तो मात्र तिथे हजर होता आणि त्याने हे सांगायला नको होते. मंडळ वगैरे काही नव्हते. तीन माणसे आणि माझा एक पेटी-कॅमेरा, एवढेच. नोंदींत गफलत नव्हती, एक आकडाही चुकलेला नव्हता. आणि तत्परतेचे म्हणाल, तर त्या शब्दाला मी आजही आडवा जाईन. पुस्तिका माझीच बाजू सावरून घेत असली तरीसुद्धा.

मुंबईत मी बावीस वर्षे सर्वेक्षण कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. खाडीकिनारे, बंदरांचे धक्के, रेल्वेच्या जागा, सगळे माझ्या हातून कागदावर उतरलेले. बेर्शेब्याला आल्यावर मला फरशांच्या कारखान्यात काम मिळाले. ते मी निमूट केले, पण नकाशा वाचणाऱ्याचा ताठा काही गेला नाही. १९६२ च्या सुमारास मुंबईहून ओळखीपाळखीच्यांची पत्रे येऊ लागली. कोणाचे वडील, कोणाची आत्या, म्हातारपणी मुलांबरोबर इकडे येऊन वर्षा-दोन वर्षांत वारलेली. मागे राहिलेल्यांना निदान कबर डोळ्यांनी पाहायची असे. शुक्रवारी अर्ध्या दिवसाने सुटी झाली की आम्ही तिघे बसने गावाबाहेरच्या दफनभूमीत जात असू. एक मी. दुसरा मुंबईत ट्राममध्ये कंडक्टर होता. जागा शोधताना तो अजूनही हात वर करून, घंटेची दोरी ओढल्यासारखे करी. तिसरी अलिबागेकडची बाई, इथल्या इस्पितळात आया म्हणून कामाला. तिला ना मराठी वाचता येई ना हिब्रू. ती सोबत खराटा आणि पाण्याचा डबा घेऊन येई, कबर झाडी, आमच्या रिवाजाप्रमाणे वर खडा ठेवी, आणि मग मी फोटो घेई. एका फिल्मवर आठच फोटो निघत, म्हणून मी घाई कधी केली नाही.

नव्याने आलेल्या गरिबांच्या कबरींवर दगड नसत. मातीचा उंचवटा, आणि लोखंडी सळीवर आकडा रंगवलेली पत्र्याची पाटी. आमच्या कोकणात जे काही लावायचे ते उशाशी लावतात. दगड असो, लाकडी फळी असो, मयताच्या डोक्याशी. त्यामुळे पाटी दिसली की तिच्या पुढचा उंचवटा तिचा, असे आम्ही धरले. हे ठरवलेसुद्धा नाही. दार कोणत्या बाजूने उघडते हे आपण घरात ठरवत नाही, तसे. मी आलेख-कागदावर दफनभूमीचा नकाशा काढला. पहिल्या ओळीतल्या उंचवट्यांच्या उशाशी पाट्या नव्हत्या. तिथे मी ‘पाट्या गहाळ’ असे लिहिले. शेवटच्या ओळीच्या पायथ्याशी पाट्या होत्या आणि पुढे मोकळी जमीन. तिथे ‘राखीव’ असे लिहिले. बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस हे दोन शेरे एकाच कागदावर लिहितो आणि त्यांच्याकडे पुन्हा पाहत नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे. अक्षर सुंदर आहे.

त्या हिवाळ्यात मुंबईहून एका शिक्षिकेचे पत्र आले. ती आपल्या घराण्याचा वंशवृक्ष जुळवत होती. खाडीकाठच्या मूळ गावातल्या कबरस्तानात जाऊन तिने पाच पिढ्यांचे दगड स्वतः वाचले होते. आजोबांचीच जागा तेवढी कोरी होती. ते ऐंशीच्या घरात धाकट्या मुलाबरोबर इथून जवळच्या येरुहाम गावाला आले आणि काही महिन्यांतच बेर्शेब्याच्या इस्पितळात वारले. निरोप पोहोचून मुलगा येईपर्यंत शुक्रवारच्या सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत दफन उरकलेले होते. त्याच्या हातात ओळ आणि क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी तेवढी पडली. तो येरुहामला परतून सात दिवस सुतकात बसला आणि वर्ष सरायच्या आत बोटीने मुंबईला गेला. कबर त्याने पाहिलीच नव्हती. चिठ्ठी त्याने जपली होती, ती शिक्षिकेने पत्रासोबत जोडली होती.

पण पत्राचे खरे कारण वंशवृक्ष नव्हते. शिक्षिकेची आई म्हणजे त्या म्हाताऱ्याची मुलगी. बाप गाव सोडून या वयात परमुलखात निघाला म्हणून ती रागावली, त्याला निरोप द्यायला धक्क्यावर गेली नाही, आणि ‘तिकडे काही झाले तर मला कळवू नका’ असे बोलून बसली. आता ती अंथरुणाला खिळली होती. बापाची कबर दिसल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असे तिने मनाशी घेतले होते. डॉक्टरांनी फार दिवसांची आशा दिली नव्हती. शिक्षिकेने लिहिले होते, आईला एकदा पाहू द्या, एवढेच करा.

आम्ही पुढच्याच शुक्रवारी गेलो. चिठ्ठीवरचा आकडा पाटीवर सापडला. मी एका फळीवर म्हाताऱ्याचे नाव मराठीत रंगवून नेले होते, म्हणजे फोटोत ते वाचता यावे. फळी पाटीपुढच्या उंचवट्यावर टेकवली, आयाबाईने पाणी शिंपडले, मी दोन फोटो घेतले. फळी तिथेच ठेवून आलो. त्या दिवशी बाई जरा घुटमळली, हे मला आठवते. कंडक्टर म्हणाला, “चला वहिनी, बस सुटेल.” आणि ती आली.

महिन्याभरात उत्तर आले. फोटो पोहोचला त्या दिवशी आईने उठून बसायचा हट्ट धरला, घरी मलिदा करवला, एलियाहू हनाबी प्रेषिताचे नाव घेऊन नवस फेडला, आणि आता फोटो उशाखाली ठेवून झोपते, असे शिक्षिकेने लिहिले होते. ते पत्र मी कारखान्यात दोघा-तिघांना वाचून दाखवले. प्रार्थनालयातही दाखवले. आजारी बाईही सावरत होती.

पुढच्या शरदात, सणांचे दिवस संपल्यावर, दफनभूमीच्या दाराशी नळावर आम्ही हात धूत होतो. बाई म्हणाली, “साहेब, एक सांगू का? रागवू नका.”

“बोला.”

“तो येरुहामचा म्हातारा. मी होते त्याला पुरला तेव्हा. घरचं कोण आलं नव्हतं म्हणून वार्डातनं मीच गेले मागनं. त्याचं डोकं तिकडच्या अंगाला हाय, भिंतीकडे. पाटी त्याच्या पायाशी लावलीनी. आपण फोटो काढला तो दुसराच हाय कोणतरी.”

“पाटीवरचा आकडा मी वाचलाय.”

“आकडा बरोबरच असंल. पण ज्या अंगाचा फोटो काढला, त्या अंगाला तो नाय.”

मी कंडक्टरकडे पाहिले. तो हसत होता. माझ्याकडे पाहून की तिच्याकडे, ते कळले नाही. मी म्हणालो, “बाई, मी मुंबईची अर्धी बंदरे कागदावर काढली आहेत. तुम्हाला आकडा वाचता येत नाही, आणि मला दिशा शिकवता?”

“आकडा नाय वाचता येत,” ती म्हणाली. “मेलेला माणूस कोणत्या अंगानं खाली ठेवला ते बघता येतं.”

“असं बघून नकाशे होत नाहीत.”

“नका होऊ देत,” असे म्हणून तिने डब्यातले उरलेले पाणी ओतून टाकले. “त्या पोरीच्या आयशीला कळवा पण. ती हाय तवर.”

पुस्तिकेला माहिती पुरवणारा हाच कंडक्टर आज लग्नाकार्यात सांगतो की शंका तिघांनाही आली होती. त्याला आली नव्हती. त्याने त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हटले, “जाऊ द्या साहेब, इस्पितळात रोज माणसं मरतात, तिच्या डोक्यात कालवाकालव झाली असणार.” मला तेच ऐकायचे होते, म्हणून ते मला शहाणपणाचे वाटले. यात त्याचा दोष मी धरत नाही. फक्त त्याने आता शंका स्वतःच्या नावावर लावून घेऊ नये.

वसंतातल्या पेसाख सणाच्या अगोदर आणखी दोनदा बाईने विषय काढला. एकदा बसमध्ये: “लिवलंत का पत्र?” मी खिडकीबाहेर पाहिले. एकदा माझ्या घरी येऊन, माझ्या बायकोसमोर. तेव्हा मी जरा जास्तच बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती चहा न घेता गेली. दफनविधी करणाऱ्या मंडळींच्या कचेरीत जाऊन एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. कचेरी माझ्या बसच्या वाटेवर होती. आधीच्या एक-दीड वर्षात मला तो प्रश्न सुचला नव्हता; आता सुचला, आणि मी विचारला नाही. या दोहोंत दुसरी चूक मोठी.

१९६४ च्या वसंतात, वाऱ्याने सगळीकडे धूळ उठवलेल्या एका शुक्रवारी, आम्ही आत शिरतो तो त्या ओळीत एक काळे कपडे घातलेली बाई बसलेली. मोरोक्कोहून आलेली, वयाने आमच्याच आयाबाईएवढी. तिच्या मांडीवर माझी फळी होती.

“हे कोणाचे?” तिने मोडक्यातोडक्या हिब्रूत विचारले.

मी सांगितले, भारतातून आलेल्या एका वृद्धाची कबर आहे, त्याचे नाव आहे.

“इथे माझा नवरा आहे,” ती म्हणाली. “माझ्या चार मुलांनी त्याला इथे ठेवला. तुझा माणूस माझ्या नवऱ्यावर कशाला चढवलास?”

मी पाटी दाखवली, आकडा वाचला. तिने माझ्याकडे आजाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले आणि उंचवट्याच्या दुसऱ्या टोकाच्या पाटीकडे बोट केले. “तो त्याचा आकडा,” म्हणाली. “पायाशी. सगळ्यांचे पायाशी.” मग फळी माझ्या हातात दिली. ओरडली नाही. फेकलीही नाही. वरची धूळ तिने आधीच पुसून काढलेली होती.

आयाबाई त्या बाईशेजारी खाली बसली आणि खराट्याने तो उंचवटा झाडू लागली.

मग मात्र मी कचेरीत गेलो. कुदळ धरणारा म्हातारा दारातच भेटला. त्याने खांदे उडवले. इथे पहिल्यापासून पाटी पायाशीच लावतो, म्हणजे वाटेने येणाऱ्याला वाकावे लागत नाही. कोणी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही. त्या आठवड्यात मी सगळे फोटो चाळले. दगड असलेल्या कबरी बरोबर होत्या. पाटीवाल्या सगळ्या चुकलेल्या. आम्ही त्या पुन्हा काढल्या आणि एकेकाला पत्र लिहिले. कोणी रागावले, कोणी उत्तरच दिले नाही, एकाने लिहिले की माती ती मातीच, आमचे समाधान झाले होते ते राहू द्या.

शिक्षिकेला पत्र मी सगळ्यांत आधी लिहिले. फार काळजीने लिहिले. चार मसुदे केले. ‘पडताळणी करताना आम्हास असे आढळून आले’ अशी त्याची सुरुवात होती. खऱ्या कबरीचा फोटो जोडला; या वेळी फळी भिंतीकडच्या टोकाला होती आणि आयाबाईने वर खडा ठेवला होता. तिच्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हते. ती दफनाला हजर होती हे लिहिले असते, तर तिने कधी सांगितले हेही लिहावे लागले असते. त्या शिक्षिकेला हिशेब करायला शिकवावे लागले नसते: शरदात सांगितले, वसंतात लिहिले.

उत्तर उन्हाळ्यात आले. मी ते घेऊन बाईच्या घरी गेलो. माझ्या घरातला तो प्रसंग झाल्यानंतर प्रथमच. ती स्टोव्हपाशी बसून बोंबील निवडत होती. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मोठ्याने वाचणे भाग होते.

शिक्षिकेने लिहिले होते की आई आमचे पत्र पोहोचण्याच्या सव्वा महिना आधी गेली. शेवटपर्यंत पहिला फोटो तिच्या हाताशी होता. त्याच्याशी ती बोलत असे; धक्क्यावर न आल्याबद्दल बापाची माफी मागत असे. शेवटचे पाच-सहा महिने तर रोज. हा दुसरा फोटो तिला दाखवता आला असता तर बरे झाले असते, पण ते नशिबात नव्हते. वंशवृक्षात आजोबांची जागा आता भरली आहे. आणि शेवटी, आपण स्वतः चूक शोधून काढून प्रामाणिकपणे कळवलीत, असा प्रामाणिकपणा हल्ली कुठे पाहायला मिळतो, असे तिने लिहिले होते.

हे शेवटचे वाक्य मी वाचले नाही. कागदाची घडी घातली.

बाईने पदराने हात पुसले. “रोज बोलायची म्हणता? त्या मोरोक्कोवाल्याशी?”

“हो.”

“सहा महिने.” तिने बोंबील बाजूला सारले. “माझ्याबद्दल लिवलंय काय?”

“नाही,” मी म्हणालो. ते खरे होते. त्या शिक्षिकेला अशी कोणी बाई आहे हेच ठाऊक नव्हते.

“बरं,” ती म्हणाली, आणि मला बसायला पाट सरकवला.