एस्तेलची फीत कुणी बांधली

ओदील, हे तुझ्याबद्दल आहे, म्हणून आधी तुलाच सांगते. नीम शहरात लेकाच्या घरी बाल्कनीत बसून वाचशील आणि म्हणशील, 'मी अशी नव्हतेच.' होतीस. आख्ख्या आर्ल शहराला ठाऊक आहे. तुझ्या घशातून निघालेला आवाज जुन्या रोमन आखाड्याच्या पार वरच्या कमानीपर्यंत जायचा, परदेशी पोरं तुझ्या विनोदांवर भाषा न कळताही हसायची, हे सगळं लिहिणारे लिहितील. मी तुझा मत्सर लिहिणार आहे. तो वगळला तर तुझ्यात तू किती उरशील, ते तूच बघ. आता गप्प बस आणि मला सांगू दे.

ओदील रेनिए रोन नदीकाठच्या नावाड्यांच्या वस्तीत जन्मली. बाप माल वाहणाऱ्या पडावावर, आई मासे विकायची, आणि दोघंही ओरडूनच बोलत, त्यामुळे घरात ऐकू जायचं तर ओदीललाही ओरडावंच लागे. तो आवाज पुढे कामी आला. नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता, तो लवकर गेला. पदरात एक मुलगा. कुणीतरी सुचवलं, एवढं बोलतेस तर प्रवाशांना गाव का दाखवत नाहीस? तिने परीक्षा दिली, गळ्यात बिल्ला आला आणि मग वसंतापासून हिवाळा लागेपर्यंत ओदील लाल रुमाल उंच धरून गल्लीबोळांतून पुढे आणि तिच्या मागे जर्मन, जपानी, शाळेची पोरं. आखाडा, मठाचा चौक, दगडी शवपेट्यांची पॉपलरच्या सावलीतली वाट, आणि शेवटी रोमन नाट्यगृह. तिथे भिंती, छत काहीच राहिलेलं नाही, दोनच उंच खांब उभे आहेत. गावातले लोक त्यांना दोन विधवा म्हणतात.

आणि नेमकी तिथे, फाटकाशी, सोलांज बसलेली असायची.

सोलांज बूशे. शाळेत ओदीलच्याच वर्गातली, तीही विधवा. ती काही करत नसे. नुसती बसे. आर्लच्या बायकांचा जुना पेहराव करून बसे, एवढंच: पायघोळ रेशमी घागरा, खांद्यांवरून छातीशी येणारा पांढरा जाळीदार रुमाल, त्याच्या एकावर एक बसवलेल्या चुण्या, आणि डोक्यावर उंच अंबाड्याभोवती गुंडाळलेली मखमली फीत. तोंड उघडायची नाही. ओदील सांगत असे, 'बघा, इथे बसायला दहा हजार माणसं मावत,' आणि दहा हजारांतलं एकही डोकं तिच्याकडे वळलेलं नसे. सगळ्यांचे कॅमेरे सोलांजकडे.

"दिसायला आहे काय तिच्यात?" ओदील मला विचारायची. "नाक बघ. त्या नाकावर कबुतर बसेल."

"मान सुंदर आहे," मी म्हणायचे. मला खोटं बोलायचा कंटाळा.

"मान! माझ्याकडे मेंदू आहे."

"मेंदूचा फोटो निघत नाही, बये."

ओदीलची मान आखूड होती. तो पेहराव तिलाही होता, पण घालायची नाही. चुण्या तिच्या हातून तिरक्या व्हायच्या. गेली तीस वर्षं ती लोकांना त्या चुण्या कशा घालतात ते सविस्तर सांगत होती, खणखणीत आवाजात, आणि स्वतःला मात्र जमत नव्हत्या. कोपऱ्यावरच्या कॅफेचा रोबेर तर रोज विचारायचा, "काय ओदील, आज दोन्ही विधवा एकमेकींशी बोलल्या का?" ओदील म्हणायची, "खांबांना विचार," आणि कॉफी अर्धी टाकून उठायची.

हे असंच चाललं असतं. पण एस्तेल पंधरा वर्षांची झाली.

एस्तेल म्हणजे ओदीलची नात. आमच्याकडे मुलगी साधारण त्या वयाची झाली की लहानपणाची जाळीदार टोपी जाते आणि केसांत पहिली फीत येते. जुलैच्या पहिल्या रविवारी नाट्यगृहात सगळ्या मुली ओळीने उभ्या राहतात, नावं पुकारली जातात, आणि नाव पुकारलं की मुलीने मंचावर जाऊन उभं राहायचं, मग खाली उतरून जिने फीत बांधली तिचे गाल चुंबायचे, सगळ्या गावासमोर. फीत बांधायची ती घरच्या बाईने. एस्तेलची आई कारीन उत्तरेकडची, लीलची. तिला अंबाड्यातलं ओ की ठो कळत नाही आणि शिकायची हौसही नाही. म्हणजे तो मान ओदीलचाच. ती वर्षभर आधीपासून त्याबद्दल बोलत होती. माझ्याशी, रोबेरशी, प्रवाशांशीसुद्धा.

एका शुक्रवारी ती जेवायला घरी सगळ्यांना घेऊन बसली होती. मीही होते. उकडलेला मासा, बटाटे, गाजरं आणि भरपूर लसणाची आयोली चटणी. मासा यायला वेळ होता म्हणून एस्तेल हातातल्या कापडी रुमालाला चाळा करत होती. चिमटीत धरून घडी, तिच्यावर घडी, अंगठ्याने दाबून पुन्हा घडी. रुमाल ताटाशेजारी पंख्यासारखा उघडला. एकही चुणी तिरकी नाही.

ओदीलच्या हातातला चमचा थांबला. "हे कुणी शिकवलं?"

"बुधवारी जाते ना मी," एस्तेल म्हणाली. "सोलांजकडे."

"पोहायला जातेस ना बुधवारी?"

"पोहणं सोडून दोन वर्षं झाली, आजी."

कारीन म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, ओदील. सगळ्या मुली तिच्याकडेच तर जातात."

ओदीलने काही बोलायचं नाही म्हणजे काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मान लाल, मग कान लाल. नवऱ्याला दुसऱ्या बाईसोबत पाहिलं असतं तरी एवढी लाल झाली नसती. नवरा गेला तर जातो. ही तिची पोरगी, तिच्याच घरातली, दर बुधवारी तिच्या पाठीमागे त्या फाटकावरच्या बाहुलीकडे.

"आजी," एस्तेल सावकाश म्हणाली, "फीत सोलांजने बांधली तर चालेल का? तिचा हात..."

"तिचा हात तिच्या घरी. या घरातली फीत या घरातली बाई बांधेल."

"पण तुझ्या..."

"माझ्या काय?"

पोरगी शहाणी. "काही नाही. तूच बांध," म्हणाली आणि रुमालाची घडी मोडून मांडीवर पसरली.

दुसऱ्या दिवशी सोलांजने रोबेरच्या तोंडी निरोप पाठवला: त्या रविवारी सकाळी पाच मिनिटं येईन, फक्त अंबाड्याची मागची बाजू बघून जाईन. ओदील भर कॅफेत म्हणाली, "तिला सांग, माझी मागची बाजू ती तीस वर्षं बघतेय, मी रोज पुढे निघून जाते तेव्हा. पोट भरलं नाही?" सगळे हसले. तीही हसली. पण मग महिनाभर रोज संध्याकाळी ती कारीनला खुर्चीत बसवून तिच्या केसांवर सराव करत होती. कारीन बिचारी टीव्ही बघत डोकं देऊन बसायची.

रविवार आला तो वारा घेऊन. मिस्त्राल असा सुटला होता की चौकातल्या खुर्च्या साखळीने बांधून ठेवल्या होत्या. ओदील पहाटेच उठली. केस विंचरले, पाणी लावून कपाळाशी लाटा बसवल्या, अंबाडा घातला, फणी खोचली, आईच्या आईची निळी मखमल त्यावर गुंडाळली. खरं सांगते, वाईट झालं नव्हतं. थोडं डावीकडे झुकलं होतं, पण फोटोत खपलं असतं. चुण्या एस्तेलने स्वतःच घातल्या आणि ओदीलने ते न बघितल्यासारखं केलं.

घरापासून नाट्यगृह चालत दहा मिनिटं. पण ती वाट सोलांजच्या खिडकीखालून जाते. सोलांज घरी असेल, खिडकीतून बघेल, मागची बाजू बघेल. ओदीलने लेकाला फर्मावलं, "गाडी काढ."

आमच्याकडे लहान पोरगीही जाणते की फीत बांधलेल्या बाईने गाडीत बसायचं नाही. अंबाडा छताला लागतो. पायी जायचं, नाहीतर उघड्या घोडागाडीतून. ओदील हे प्रवाशांना विनोद म्हणून सांगायची, लग्नात मान गुडघ्यात घालून बसलेल्या नवरीची नक्कलही करायची. आणि आता तीच म्हणाली, "दोन मिनिटांचा रस्ता आहे, मान खाली घाल, काही होत नाही. वारा काय कमी आहे?"

कारीनची गाडी छोटी. एस्तेल मान खाली घालून बसली. आखाड्याच्या मागचा उतार, तिथले गोटे, एक धक्का. आत काहीतरी कट्‌कन मोडल्याचा आवाज आला.

नाट्यगृहाच्या फाटकाशी उतरल्यावर बघितलं तर अंबाडा एका कानावर आलेला, मखमल मधोमध दुमडलेली, फणीचा दात तुटलेला. एस्तेलने हाताने चाचपून बघितलं. रडली नाही. "गेलं, आजी," एवढंच म्हणाली.

ओदीलने तिथेच उभ्याउभ्या सोडून पुन्हा बांधायला घेतलं. वाऱ्याने केस तिच्या तोंडात, फीत हातात. एकदा बांधली, सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा घसरली. आत मुली ओळीत उभ्या राहायला लागल्या होत्या. आणि दहा पावलांवर सोलांज, पूर्ण पेहरावात, मान ताठ, दोन खांबांकडे बघत उभी. इकडे बघत नव्हती. एक पाऊल पुढे येत नव्हती. ओदीलला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

"मला बोलवायलाच लावणार," ती माझ्या कानाशी फुसफुसली. "बघ कशी उभी आहे. देवीच!"

"मग नको बोलवूस. पोरीला तशीच पाठव."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच मोडली ती फणी. मग केसाचा गुंता एस्तेलच्या हातात दिला आणि गेली. दहा पावलं. आवाज नेहमीचा खणखणीत काढायला गेली आणि तो निघाला नाही.

"सोलांज. जरा इकडे ये."

सोलांज आली. डोक्याभोवती एकदा फिरून बघितलं. "गाडीतून आणलीस?"

"वारा होता."

"वारा कधी नसतो, ओदील?" असं म्हणून तिने आपल्याच अंबाड्यातली फणी काढली आणि एस्तेलच्या केसांत खोचली. स्वतःची फीत सैल झाली, तिकडे लक्षही दिलं नाही. कमरेची टाचण्या खोचलेली छोटी उशी सोडली, टाचण्या ओदीलपुढे केल्या. "धर. ओठांत धर, वाऱ्याने उडतील. मागेन तशी एकेक दे."

मग ओदील रेनिए ओठांत टाचण्या धरून उभी राहिली, गप्प. इतक्या जवळून तिने ते हात कधी पाहिले नव्हते. बोटांचे सांधे सुजून गाठी झालेले, एक बोट तर सरळही होत नव्हतं. त्या बोटांना दुखत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तरी मखमल एकदा फिरली, दोनदा फिरली आणि जिथे बसायची तिथे बसली. ओदीलला दया आली असं वाटत असेल तर विसरा. मी बघत होते तिच्याकडे. दुखऱ्या हातांनाही जमतं, आणि माझ्या धडधाकट हातांना नाही: ह्या विचाराने तिचे डोळे बारीक झाले होते.

नाव पुकारलं गेलं. एस्तेल वर गेली, उभी राहिली, सरळ, मान लांब. टाळ्या झाल्या. मग खाली उतरताना ती मधेच थांबली. समोर दोघी शेजारीशेजारी. पोरीने आजीकडे बघितलं, विचारल्यासारखं. ओदील नुसतं 'ये' म्हणाली असती तरी ती तिच्याकडेच गेली असती. पण उरलेल्या टाचण्या ओठांत होत्या. तिने हनुवटी सोलांजकडे वळवली.

गावात अजून सांगतात की ओदीलने केवढं मोठं मन दाखवलं. मी तिच्या कोपराला कोपर लावून उभी होते. पंचांसमोर चोर दाखवतात तशी तिने ती हनुवटी दाखवली होती. 'हिने बांधली.' खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं, एवढंच. एस्तेलने सोलांजचे गाल चुंबले, मग आजीचे. आजीचे जपून, टाचण्यांमुळे.

घरी आल्यावर ओदीलने त्या टाचण्या स्वयंपाकघराच्या पडद्याला टोचून ठेवल्या. काचेच्या डोक्याच्या होत्या, जुन्या, सोलांजच्या आईच्या असाव्यात. फणी एस्तेलने त्याच संध्याकाळी नेऊन दिली. टाचण्या मात्र ओदील कुणाला नेऊ देईना.

"मी स्वतः देणार," मला म्हणाली. "पण एकटी नाही जाणार. एकटी गेले तर तिला वाटेल, आभार मानायला आले. तू चल. गुरुवारी."

त्या गुरुवारी तुझा जर्मन गट आला, ओदील. पुढच्या गुरुवारी सोलांज लेकीकडे गेली होती. मग माझं डोळ्याचं ऑपरेशन, मग तुझं कंबरडं, मग मुलाने नीमला घर घेतलं आणि कारीनने पडदे उतरवून खोक्यात भरले. मी अजून दर गुरुवारी बाजाराला त्याच गल्लीतून जाते. सोलांजची खिडकी उघडी असते. तुझ्याशिवाय मी तिच्या दाराची कडी वाजवणार नाही, आणि तू काही येणार नाहीस.