कुंपणाबाहेरचं गरम पाणी

करडईच्या पेंडीतून तेल काढणाऱ्या कारखान्यात हसण्यासारखं काय असणार, असं कुणालाही वाटेल. पण मी माहेरी गेले की बहिणी घेरून बसतात, "अक्का, कारखान्याचं सांग!" एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याला चिकटून दुसरा आठवतो. आमचे हे तिथले केमिस्ट. त्यामुळं निम्म्या किश्शांत हे असतात, आणि उरलेल्यांत, काय करणार, मी!

*

कारखान्याचं काम असं. घाण्यातून आलेल्या पेंडीत उरलेलं तेल बेंझीननं धुऊन काढायचं. मग ते मिश्रण वाफेवर तापवलं की बेंझीन उडतं आणि तेल खाली राहतं. उडालेलं बेंझीन पाण्याच्या नळ्यांवर गार करून पुन्हा पातळ करायचं, पुन्हा वापरायचं. बेंझीन म्हणजे पेट्रोलचं भावंड. ठिणगी पडली की संपलं! गेटावर प्रत्येकाची विडीकाडी काढून घेतात.

हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे संध्याकाळी आले की सदऱ्याला तो वास. मी आधी चूल विझवायची! यांनी अंगणात उभं राहून वारा खायचा, मगच उंबऱ्याच्या आत यायचं. तोवर आमटी गार, भाकरी गार. बरेच दिवस यांनी निमूट खाल्लं. मग एकदा म्हणाले, "मी दिवसभर तिकडं उष्णता वाचवायच्या मागं, आणि घरी तू सगळी पाण्यात घालतेस!"

*

उष्णता वाचवणं ही चेष्टा मात्र नव्हती. कारखान्याच्या मालकांनी, शेठजींनी, बजावलं होतं, "साहेब, दिवाळीपर्यंत कोळसा कमी करा. नाहीतर बेंझीन बंद, आणि तुम्ही मोकळे." मोकळे म्हणजे करमाळ्याला, सासऱ्यांच्या घरी, तान्ह्या बाळासकट.

एका रविवारी यांनी भला मोठा नकाशा पसरून मला समजावलं. उडालेल्या बेंझीनची सगळी उष्णता पाण्यात जाते आणि ते पाणी आपण सोडून देतो. त्यापेक्षा ती गरम वाफ आधी पुढच्या खेपेच्या गार मालाजवळून नळीनं फिरवायची. माल फुकट तापेल, कोळसा वाचेल.

मी म्हटलं, "म्हणजे भाजीवरच्या झाकणात आपण पाणी ठेवतो, आणि ते तापलं की भाजीतच ओततो, तसं?"

यांनी नकाशाची गुंडाळी केली.

"तसंच," म्हणाले. "पण शेठजींपुढं बोलू नकोस. एवढ्यासाठी केमिस्ट कशाला, म्हणतील!"

*

त्या नळीसाठी पुण्याहून नवा थर्मामीटर आला. हे जेवायला येताना तो बरोबर घेऊन आले. बाळाचं कपाळ मला सकाळपासून कोमट लागत होतं. मी मॅट्रिक झालेली; ताप मोजून बघावा एवढं शिक्षण माझ्यापाशी नक्कीच होतं. दिला काखेत लावून.

सदतीस!

निरोगी माणसाचे अठ्ठ्याण्णव, हे मला पाठ. माझ्या बाळाचे सदतीस! मी किंकाळी फोडली, दोन घोंगड्या आणि एक रजई त्याच्यावर घातली आणि हातपाय चोळायला लागले. हे घास टाकून धावत आले. थर्मामीटर बघितला, मग घामानं निथळणाऱ्या बाळाला बघितलं.

"अगं, हा सेंटिग्रेडचा आहे! याला शंभर झाले तर बाळ उकळेल!"

*

बेंझीन गार करून तापलेलं ते पाणी, नवी नळी बसेपर्यंत, कुंपणाबाहेरच्या पाइपातून पडायचं. शेजारची लक्ष्मम्मा, जिच्या घरी चार माग होते, सगळ्या गल्लीला घेऊन तिथं जायची. धुणं तिथं, लेकरांची अंघोळ तिथं. मलाही म्हणाली, "तुमीबी बाळाला न्हाऊ घाला की! सरपण कशाला जाळता?"

मला मोह झाला, पण पाण्यात बेंझीन असलं तर? मी यांना विचारलं. हे म्हणाले, पाणी नळीच्या आत, बेंझीन बाहेर. गाठ पडतच नाही. माझा विश्वास बसेना. शेवटी यांनी तांब्याभर पाणी गार करून माझ्यादेखत घटाघटा पिऊन दाखवलं.

बाळाची अंघोळ त्या दिवसापासून तिथल्या पाण्यानं सुरू झाली. यांना मात्र मी दोन दिवस चुलीजवळ फिरकू दिलं नाही!

*

अखेर नळी बसली. पण कोळसा काही कमी होईना! कारण बॉयलरवरचा आगवाला म्हाळाप्पा. मूळचा मेंढरं राखणारा, मायाळू माणूस. वाफेचा काटा वर गेला तरी हा फावड्यानं कोळसा लोटतच राहायचा. जादा वाफ वरून फुसफुसत आकाशात.

हे म्हणाले, "म्हाळाप्पा, आता कमी घाल. बॉयलरला तेवढं लागत नाही."

"सायेब, त्यो न्हाई म्हनतोय, पर आपन आग्रह करावा की!"

*

दिवाळी तोंडावर आली आणि शेठजी आले. कोळशाचा ढीग बघून म्हणाले, "साहेब, नळी बसली, कोळसा तेवढाच. उद्या हिशेब मिटवू." यांनी म्हाळाप्पाचं सांगितलं. शेठजी म्हणाले, "आता आगवाल्यावर ढकलता?"

तेवढ्यात गेटावर गलका झाला. लक्ष्मम्मा पुढं, मागं बादल्या घेतलेल्या बायका, आणि सगळ्यांत मागं, कडेवर बाळ आणि हातात बादली घेतलेली मी. आत काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

"शेठ, आमचं गरम पानी कुटं गेलं?" लक्ष्मम्मा कडाडली. "ती नळी बसवल्यापास्नं गारढोण! लेकरं अंगाला लावू देईनात!"

शेठजी थबकले. "नळी बसवल्यापासून?"

"व्हय! खोटं वाटतंय तर सायबाच्या बायकूला इचारा की!" आणि तिनं मला ढकलून पुढं केलं.

माझ्याकडं बघून यांचा चेहरा कागदासारखा झाला. शेठजी म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. पाणी गार झालंय?"

हो म्हणावं तर नवऱ्याविरुद्ध साक्ष, नाही म्हणावं तर सगळी गल्ली पाठीशी उभी. मी बाळाचा पाय बादलीत बुडवला.

त्यानं असा टाहो फोडला की बॉयलरवरनं म्हाळाप्पा फावडं टाकून धावत आला!

"बास, बास!" शेठजी हसायला लागले. "एवढी उष्णता पाण्यातून गेली, ती मालातच गेली असणार. साहेब, माल तापवायच्या दुसऱ्या भांड्यालाही अशीच नळी बसवा. आणि म्हाळाप्पाला लहान फावडं द्या!"

लक्ष्मम्मानं बादली कमरेवर घेतली आणि ती विजयी मुद्रेनं बायकांकडं वळली.

"चला गं! आपल्या पान्यासाठी दुसरी नळी बसवत्यात. उद्यापास्नं पानी डबल गरम!"

शेठजी कोळशाच्या ढिगाकडं बघत राहिले. हे थर्मामीटर पुसत राहिले. मी बाळाचा पाय पदरात गुंडाळला.